कडेची साखर

शिन्चूला वारा सुटला की आमच्या लॅबच्या खिडक्या
शिट्टी घालतात.
सातव्या मजल्यावर बसून मी एका चिपला
कड ओळखायला शिकवते आहे.

चिपला चित्र दिसत नाही.
तिच्यापाशी दोन ओळींची आठवण असते,
तिसरी ओळ दारातून आत येत असते,
चौथी अजून जगातच नसते.
एवढ्यावर तिनं ठरवायचं,
इथं काही संपतंय का,
इथं काही सुरू होतंय का.

ती करते ते असं:
एक ठिपका मध्ये बसवते,
आठ शेजाऱ्यांना विचारते, सरासरी काढते.
म्हणजे मुद्दाम धूसर करते;
उजळायचं तर आधी मळवून घ्यायचं.
मग मुळातून ते धूसर वजा.
उरतं ते फार थोडं,
बुडाशी लागलेल्या खरवडीएवढं.
ती खरवड दुप्पट करायची, कधी चौपट,
आणि परत धुसरावर टाकायची.
गुणाकाराला जागा लागते, सिलिकॉन महाग,
म्हणून आम्ही आकडा नुसता एक घर डावीकडे सरकवतो.
दुप्पट फुकटात होते.
दर ठोक्याला एक ठिपका आत, एक बाहेर.
विचार बदलायला सवड नाही.

यातून नवं काही येत नाही,
हे मी मार्केटिंगच्या लिआओला तीनदा सांगितलं.
हरवलेलं परत येत नाही;
होता तोच फरक फक्त मोठ्यानं बोलतो.
तो म्हणाला, दुकानात मोठ्यानं बोलणारंच खपतं.

रविवारी शिन्पूला घरी गेले,
बोर्ड टीव्हीच्या पाठीला लावला.
आ-बानं गेल्या नोव्हेंबरात घेतलेलं चित्रण:
अंगणभर बांबूच्या चाळण्या,
त्यांवर सोललेली पर्सिमन, ओळीनं,
वाऱ्यावर सातवा दिवस, आठवा दिवस.
मी पडदा उभा चिरला.
डावीकडं जसं होतं तसं. उजवीकडं माझी चिप.

आ-बानं चष्मा लावला, मग काढला.
"उजवीकडची कुणी रंगवलीत?"

प्रत्येक फळाभोवती बारीक पांढरी रेघ होती.
आम्ही तिला ओव्हरशूट म्हणतो:
उजेडाची बाजू गरजेपेक्षा उजळते,
काळोखाची आणखी काळवंडते,
आणि डोळा फसतो, म्हणतो, वा, काय रेखीव.

"साखर अशी हवेत धरत नाही, आ-यिंग.
साखर आतून येते. सालीशिवायच्या अंगावर. सावकाश."
आणि त्यानं बोट ठेवलं फळाच्या पाठीवर.
डावीकडं तिथं पिठूळ पांढरं होतं.
उजवीकडं मेण.

ती साखर मी पुसली होती.
चिपमध्ये एक उंबरठा असतो:
सहाच्या आतला फरक हा फरकच नव्हे,
ती धूळ, ती सेन्सरची कुजबुज,
तिला शून्य करा.
सहा हा आकडा मीच घातला,
एका दुपारी, एका हातात नूडल्सची वाटी धरून.
आ-बाची साखर कुठं तीन भरत होती, कुठं चार,
कुठं जेमतेम पाच.

तिथंच जमिनीवर बसून मी उंबरठा दोनवर आणला.
साखर आली. फळांच्या पाठीवर, जिथल्या तिथं.
पण तिच्यामागून आभाळभर मुंग्याही आल्या,
करडी वळवळ, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत.
मी म्हणाले, हे बघ, म्हणून पुसावं लागतं.
तो म्हणाला, "असू दे.
त्या दिवशी वारा होता. धूळ होतीच."

निघताना त्यानं डबा दिला, या वर्षीचा पहिला.

सोमवारी रजिस्टरमध्ये मी तीन लिहिलं.
दोन नाही.
दोनला आभाळ फारच वळवळतं,
आणि लिआओचं गिऱ्हाईक आभाळच बघतं.
रेघही थोडी उतरवली, अगदी पुसली नाही.

आ-बाला सांगितलेलं नाही.
डब्यातलं एक फळ कीबोर्डशेजारी ठेवलंय,
नखानं खरवडलं तर पांढरं निघतं,
खाली तपकिरी, ओलसर, धूसर.