शटर

चिमणबागेत त्याला सगळे शटर म्हणतात.
आठ इनिंगा तो कडुलिंबाखाली आडवा,
तोंडावर टोपी, पोटावर ग्लोव्ह.
नववीला कोच शिट्टी घालतात,
हा उठतो, ढुंगणाची माती झटकतो
आणि समोरच्यांचं दुकान बंद करून टाकतो.

तीन बॅटर. कधी दहा चेंडू, कधी बारा.
लखन बामोरिया, वय एकोणीस.
या मोसमात एकवीस वेळा आला, एकदाच हुकला,
तेही आमच्या फील्डरच्या डोळ्यांत ऊन गेलं म्हणून.
चेंडू कॅचरच्या हातात बसतो तेव्हा
पलीकडच्या भिंतीवरची कबुतरं उडतात.
मी मोजलंय. प्रत्येक वेळी उडतात.

मी स्कोअर लिहितो.
त्याआधी चौतीस वर्षं विम्याच्या ऑफिसात होतो,
कोण किती जगेल ते
तक्त्यावर बोट ठेवून सांगायचो.
माणूस एकटा असला की तक्ता मुका,
दहा हजार जमले की ज्योतिषी.

पुराणिकांना ते माहीत आहे.
निवड समितीचा कागद त्यांनी माझ्यापुढे सरकवला.
"काका, पोरगा किती वर्षं चालेल?
पाच धरू का दहा?
होस्टेलची खोली, खुराक, रेल्वेतली जागा,
सगळं तुमच्या आकड्यावर अडलंय."

मग काढल्या जुन्या वह्या.
इंगळे : तीन मोसम. कोपर.
वाघमोडे : पाच, त्यातले दोन नुसते नावाला.
शरद खांडवेकर : दीड.
परवा भेटला, बँकेच्या रांगेत.
खिशातून कंगवा काढला
आणि हात वर जाईना म्हणून
डोकंच हाताकडे नेलं.
सहज. जणू सगळे असेच भांग पाडतात.

लखनचा वेग यांच्यापेक्षा जास्त.
म्हणजे लवकर की उशिरा,
हे तक्ता सांगत नाही.

आमच्या फॉर्मात एक रकाना असायचा :
वडील हयात आहेत का, प्रकृती कशी.
म्हणून मल्हारगंजला गेलो.
गल्लीच्या तोंडाशी बेसनाचा वास, कढई,
तीवर आडवा झारा
आणि झाऱ्यावर पीठ घासणारा तळहात,
पुढे, मागे, पुढे, मागे, खांद्यापासून.
पन्नाशीचा माणूस. घाम कपाळावर, हात कोरडा.
मी मनात लिहून टाकलं : वंशात टिकाऊपणा. दहा.

मग लक्षात आलं, हात डावा होता.

"उजवा बसला, भिया, सात साल झाले,"
तो कढईकडेच बघत म्हणाला.
"मग याला शिकवलं.
सहा महिने शेव वाकडी पडायची.
गिऱ्हाइकांनी वाकडी खाल्ली. किती देऊ?"

पाव किलो घेतली.
सराफ्यापर्यंत चालत आलो
आणि ठरवता आलं नाही
की हे जमेला धरायचं की नावे टाकायचं.

रविवारी कागद खिशातून काढला
तर शेवेचं तेल उतरलेलं.
जिथे आकडा लिहायचा, बरोबर तिथे
कागद आरपार झालेला,
त्यातून दिसत होतं माझं बोट.
पुराणिक तिसऱ्यांदा म्हणाले, "काका?"
मी म्हणालो, "इनिंग तर संपू द्या."

शिट्टी.
लखन उठला. पाण्याची बाटली माझ्या टेबलाजवळ होती,
तिथे आला, पुडा बघून हसला.
"आमचीच आहे."
"घे."
त्याने डाव्या हाताने चिमूट उचलली,
उजवा तेलकट व्हायला नको म्हणून
पाठीमागे धरून ठेवलेला,
लहान मूल भाजू नये म्हणून
चुलीपासून लांब धरावं तसा.

चावत चावत मैदानात गेला.

मी पेन्सिलीला टोक काढत होतो,
पहिला चेंडू त्यातच निसटला.
कबुतरांवरून लिहिला :
स्ट्राइक.