कोनाडा

टॉर्गरनं न्हाणीघराची भिंत कापली
दोन लाकडी खांबांमधली, साडेचौदा इंच,
तर आतून सळसळत सांडली
गंजलेली ब्लेडं. ओंजळभर नाही, बादलीभर.

जुन्या आरशामागे फट असायची म्हणे,
झिजलेलं पातं भिंतीच्या पोटात टाकायला.

लेम्पी काठी टेकत आली.
‘एइनोच्या दाढ्या,’ म्हणाली,
मोजू लागली; सतरावर थांबली.
खाली डलूथचं सरोवर गोठत होतं.

‘कोनाडा अजून खाली घे.
आता बसूनच अंघोळ.’
त्यानं ठोकलेली चौकट उपटली,
कुरकुरला नाही.

भिंत मिटायच्या आधी
तिनं एक पातं पुन्हा आत सोडलं
आणि कान दिला.

मग त्यानं तळाला उतार काढला,
पाणसळीतला बुडबुडा
किंचित भिंतीकडे सरकेपर्यंत:
पाणी साचलं की लाकूड कुजतं.