जावा बेटावर कोटलिन

सुराबायात दोन वाजलेत.
जागी आहे ती, तिचं नावच रात्री.

फेरीबोटीच्या तिकिटांचं ॲप
पाक सुगेंगनी जावात लिहिलेलं,
जावा बेटावरच बसून.
त्याची गंमत कुणाला वाटली नव्हती.

तिने त्यात कोटलिन आणली, एकच फाइल,
आणि बिल्ड लाल.
प्लगिन सापडेना.
सापडलं, तर आवृत्ती जुळेना.
जुळवली, तर एक म्हणतं आठ, दुसरं सतरा.

भिंतीवर आईचं कॅलेंडर:
सात दिवसांचा आठवडा, त्यातच पाच दिवसांचाही.
एका खिळ्यावर नांदतात बिचारे.

कोटलिनही बेटच, तिने शोधून पाहिलं,
कुठल्याशा गोठणाऱ्या समुद्रात.
इथे पंखा गरम वारा ढवळतोय,
खालून भातवाला
कढईवर उलथनं आपटत गेला.

दोन्हीकडे सतरा. पुन्हा लाल.

मग सगळ्यात तळाशी एक ओळ,
तिच्या डोक्यावर सुगेंगांची टीप:
'हिला हात लावू नका.'
ते गेले त्याला आता तीन वर्षं.

तिने ओळ खोडली.
चार मिनिटं काहीच नाही.
मग हिरवं.
का, ते नीटसं कळलं नाही.

टीप तिने राहू दिली.
खाली लिहिलं:
'लावला. माफ करा.
– रात्री'