वळणाचा हिशेब

केम्प्सफर्डच्या कुंपणापाशी, जुलैतल्या शनिवारी,
ईनिड लव्हरिजबाई परसात खुर्च्या मांडतात.
खुर्चीमागे दोन पाउंड, चहा फुकट.
त्याआधी सकाळीच फडताळातल्या बश्या उतरवून
पलंगावर, रजईत, एकेक निजवतात.
"धावपट्टी संपते," त्या म्हणतात, "तिथं माझं घर सुरू होतं."

मी तिसऱ्या खुर्चीत. काय करते ते सांगितलं नाही.
सोमवार ते शुक्रवार मी याच विमानांचा थकवा मोजते.
थकवाच म्हणतात, धातूलाही तोच शब्द.
एकेका उड्डाणात किती आयुष्य खर्ची पडलं
ते दशांश चिन्हानंतरच्या चौथ्या घरात लिहायचं.

ते आलं.
चार इंजिनं, पोटात रणगाडा मावेल एवढं धूड,
आज पोट रिकामं, टाक्यांत जेमतेम इंधन.
धावलं, म्हणजे धावल्यासारखं केलं,
आणि नाक उचललं ते थेट,
पायऱ्या गाळत कुणी माडीवर जावं तसं.
शेजारचा पोरगा मान मागे टाकता टाकता खुर्चीसकट कलला.
चहात वर्तुळं उठली.
सगळे नाकाकडे बघत होते.
मी बघत होते
पंख अंगाला जुळतो त्या जागेकडे.

लोकांना वाटतं, चढ खातो.
चढ नाही खात. चढावर पंख उलट सैलावतो,
बरंचसं वजन इंजिनांनी खांद्यावर घेतलेलं असतं.
खातं ते वळण:
आडव्याचं उभं होताना ते तीन-चार सेकंद.
आणि भरल्या टाक्या पंखाला खाली धरून ठेवतात,
तेवढ्याच ओढीला रिकामा पंख जास्त वाकतो.
ओझं असतं तेव्हा ओझंच आधार.
हे मी ओवेन प्रिचर्डला दोनदा समजावलं होतं.
"लग्नातल्या भाषणासाठी राखून ठेव," तो म्हणाला,
आणि हातमोजे घालत निघून गेला.

आई म्हणायची, तुटेपर्यंत ताणू नये.
म्हण सोपी आहे.
माझी नोकरी तिच्या जरा अलीकडची:
तुटायच्या आधी
किती.

संध्याकाळी गवतात नुसते कागदी पेले.
मी बश्या परत मांडायला आत गेले.
लव्हरिजबाई प्रत्येक बशीला चमच्यानं टिचकी देत होत्या,
कान लावून, डोळे मिटून.
आई माठ घेताना अशीच वाजवून बघायची,
कुंभाराची नजर चुकवत नाही, त्याच्या देखतच.
खण. खण. खण.
निळ्या काठाची एक बद्द वाजली.
उजेडात धरली तर काही दिसेना. मी नख फिरवलं,
नखाला लागली.
"सत्तर साली आणलेली," त्या म्हणाल्या,
"त्या वर्षी लहान विमानं यायची."
मग ती बशी त्यांनी मागच्या रांगेत उभी केली.
टाकली नाही.
"केक नाही ठेवायचा तिच्यात आता. बिस्किटं चालतील."
आमच्याकडे याच निर्णयाला
सव्वीस पानांचा अहवाल लागतो.

सोमवारी पंखाच्या मुळाशी लाल रंग फासला,
पुसला, वर पांढरी भुकटी उडवली आणि थांबले.
चीर असेल तर लाल रेघ आपणहून वर येते,
पाटीवरची पुसलेली अक्षरं
पाटी वाळली की दिसायला लागतात तशी.
दहा मिनिटं.
पंधरा.
पांढरंच राहिलं.
पांढरं म्हणजे नाही, असं नसतं.
पांढरं म्हणजे अजून नाही.

ओवेन दाराशी उभा. "किती खाल्लं मी?"
"साध्या सात खेपांएवढं. अकरा मिनिटांत."
त्यानं आकडा माझ्या खांद्यावरून वाचला,
दोनदा, ओठ हलवत,
शाळेत निकाल वाचतात तसा.
मग हळूच, जरा लाजत,
"पण खालून कसं दिसलं?"

मी उड्डाणाचा प्रकार लिहिला: प्रदर्शन.
वजन लिहिलं, वारा लिहिला, सही केली.
टाळी मीही वाजवली होती,
चहा सांडेपर्यंत.
त्याला रकाना नाही.