कोरा फॉर्म

शनिवारी शेवटची तारीख.
ईश्वरीचा फॉर्म शिलाई मशीनवर, कात्रीखाली.
सांगलीला, सहा रविवार, खास हुशार मुलांसाठी.
चार हजार आठशे, एसटी वेगळी.

घोरपडे सर म्हणाले,
पोरगी बावनकशी आहे, वहिनी,
विट्यात ठेवून गंज चढवू नका.
(सोन्याला गंज चढत नाही.
गलाईवाल्याच्या बायकोला एवढं कळतं.)

रात्री कोइमतूरहून यांचा फोन, मागे भट्टीची घरघर.
विचारलं, तापवून सोनं वाढतं का हो?
"वाढतंय कुठलं! उलट गुंजभर जातंच."
मग खोकले बराच वेळ.
"भर तू. पाठवतो मी."

ईश्वरी जागीच होती.
मुबीनाचं नाव का नाही गं यादीत?
अपूर्णांक तिनंच शिकवले मला,
भाकरी मोडून.
चाचणीदिवशी ती कांड्या भरत होती
चुलत्याच्या मागावर.

हे सराफांच्या दुकानातली झाडलेली धूळ
पोत्यानं विकत घेतात.
पहिल्यांदा ऐकलं तेव्हा
हसले होते मी.

सकाळी शाळेत गेले,
सरांकडे आणखी एक फॉर्म मागितला.
सर म्हणाले,
का, पहिला खराब झाला?