रिकीब

परभणीच्या सिव्हिलमध्ये, काचेच्या खोलीत
गुंफाबाई सोळंके. कानांवर हेडफोन, हातात बटण.
आवाज आला की दाबा, म्हणालो.
ती माझ्या तोंडाकडंच बघत राहिली.

कागदावर रेघ चार हजारांपाशी
विहिरीत उतरावी तशी उतरली.

मग तक्त्यावर बोट ठेवून, मोठ्यानं :
पडद्यामागं तीन हाडं, कणीएवढी.
हा हातोडा. ही ऐरण.
"इथं बी?" ती हसली. "अन् भाता?"
भाता नाही. ही रिकीब.
"मंग घोडं कुठंय?"

त्यापुढं शंख, शंखात पाणी,
पाण्यात केस, उभ्या ज्वारीसारखे.
चाळीस वर्षं सेलूच्या बाजारात
नवऱ्यानं सांडशीत धरलेल्या लालबुंद लोखंडावर
हिनं घण घातला. खुरपी, विळे, कुऱ्हाडी झाल्या,
आणि आत एकेक ताट
आडवं होत गेलं.
ते परत उभं राहत नाही, हे मी सांगितलं.
तिला ऐकू गेलं नाही,
किंवा गेलं.

घाव नीट बसला का
हे म्हणे तिला कोपरात कळायचं.

उठताना टेबलावर तळवा टेकला,
थांबली.
"मास्तर, ह्याचा एक पाय ढिला हाय."