वायच ढील

आचऱ्याच्या सड्यावर आमचा टॉवर,
टॉवरखाली पत्र्याची खोली, खोलीत मी,
पिनेच्या टोकाने
जॅकवर चढलेलं हिरवं मीठ खरवडत.

लवू तांडेलाचा फोन सकाळी सातलाच आला होता.
"बस्त्यावाक सांग गे बाय, निवांत वाच म्हणान.
वारो म्हणता काय बारा म्हणता, ता कळणा नाय.
काल दोघे जण बारा वाजाची वाट बघीत रवले
आणि वारो येवन गेलो."

बस्त्यावचा दोष नव्हता.
'वारा' म्हणताना तो छाती भरून म्हणतो,
एकोणीस वर्षं रापण ओढलेली छाती,
आणि आवाज जिथे सगळ्यात भरतो
नेमका तिथेच आमचा ऑसिलेटर वाकतो.

आधी माइक बदलला. मग केबल.
मग अँटेनावरचा कावळा हुसकला, उगाचच.

शेवटी लूपलाच कामाला लावलं.
एकेक फ्रिक्वेन्सी सांगत गेले: इथे थांब.
तो चाचपडे, पुढे जाई, मागे येई,
क्रिस्टलच्या ठोक्याला ठोका मिळे
आणि हिरवा दिवा लागे. लॉक.
की मी व्होल्टेज वाचायची, वहीत उतरवायची,
वही कोळंबीच्या हिशेबाची, मागली पानं कोरी.
पंचवीस ओळी.
मध्ये जांभा तापला, खोली तापली,
अकरा ते चौदा परत घ्याव्या लागल्या.

आलेख निघाला तो असा:
खाली बऱ्यापैकी सरळ,
वर मात्र शिंगाळा लागलेली गळाची काठी.
खालच्या अंगाला जेवढ्या व्होल्टने तो धावतो
तेवढ्यानेच वरच्या अंगाला जेमतेम कूस बदलतो.

डायोडचा स्वभाव. तो काही सरळ होत नाही.
पण लवू तांडेल ओहोटीच्या वेळी
खाडीच्या तोंडात शिरताना
नाळ खाडीकडे धरतच नाही,
धरतो उत्तरेच्या खडपाकडे,
नवख्याला वाटावं, म्हातारा आपटणार आता,
आणि होडी अलगद बरोबर मधोमध.
मीही तसाच तक्ता भरला.
जिथे काठी वाकते तिथे थोडं जास्त द्यायचं,
किती जास्त, ते वहीत आहे.

एवढं होऊनही बस्त्यावचा आवाज
पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. खर्ज कुठे गेला?
चहा झाला तेव्हा लक्षात आलं:
लूप फार तत्पर होता.
कोणी जड स्वरात बोललं की फ्रिक्वेन्सी हलते,
आणि हललं की लूपला वाटतं, चूक झाली.
तो धावत येऊन ती पुसतो.
गेले कित्येक महिने
बस्त्यावचा खर्ज तो इमानेइतबारे पुसत होता.

नांगराचा दोर कोणी ताठ बांधतं का?
लाट आली की होडीला चढता आलं पाहिजे,
फक्त सकाळी ती तिथेच असली पाहिजे.
कपॅसिटर मोठा घातला.
दिवसभराचं वाहवत जाणं तू बघ,
अक्षरांत पडू नकोस.
दिवा आता सावकाश लागतो,
मोजले, साडेचार सेकंद,
नव्या पोराला वाटतं मशीन बिघडलं.

संध्याकाळी सहाची बातमी.
बस्त्यावने चष्मा पुसला, कागद धरला:
वेंगुर्ल्यापासून देवगडपर्यंत
वारा ताशी पंचेचाळीस.
मीटरची सुई वर गेली, वाकली नाही,
तशीच खाली आली.

फोन वाजला. लवू.
"आज वारो म्हणजे वारोच ऐकाक इलो."
मग थोडा थांबून,
"बस्त्यावाक सर्दी झाली हा काय गे?"

काचेपलीकडे बघितलं.
बस्त्याव रुमालात शिंकत होता.